वाढत्या वयातले खेळाडू: अतिसरावाची दुखणी कशी ओळखावी, भार कसा मोजावा, दबाव कसा उतरवावा

पडून हात मोडला की मूल रडतं, सूज येते, सगळे धावतात. अतिसरावाने होणारी दुखापत अशी जाहीर होत नाही. ती आठवड्यांगणिक साचत जाते. आधी सराव संपल्यावर थोडं दुखतं, मग सराव चालू असताना दुखतं, मग सकाळी उठून पहिली चार पावलं टाकतानाही. मोठ्यांच्या लक्षात येतं तेव्हा मूल लंगडत असतं, आणि जे दुखणं तीन आठवड्यांत बरं झालं असतं त्याला तीन महिने लागतात. मधला हा उशीर टाळता येतो. त्यासाठी मोठ्यांनी दोन कामं करायची: मुलाच्या अंगावर पडणारा एकूण भार वहीत मांडायचा, आणि ‘दुखतंय’ हे मुलाला न घाबरता सांगता येईल असं वागायचं. दुसरं काम मायेचं आहे, तसंच ते उपचाराचंही आहे. मुलाने सांगितलंच नाही तर जगातला कोणताही तज्ज्ञ वेळेत काही करू शकत नाही.

मुलांचं शरीर म्हणजे लहान आकाराचं मोठं शरीर नव्हे

वाढत्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो, ग्रोथ प्लेट. हाड लांबतं ते तिथून. स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट दोर, हाडाला जिथे जोडलेले असतात, तिथेही अशीच मऊ कूर्चा असते. मोठ्या माणसाच्या सांध्यावर ताण आला तर लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा बंध) किंवा टेंडन दुखावतं. मुलांमध्ये टेंडन मजबूत आणि ही कूर्चा कमजोर असते, म्हणून तीच आधी दुखावते. त्यामुळे ‘स्नायू ओढला गेला असेल’ हा घरचा अंदाज मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा चुकतो.

सर्वात नाजूक काळ उंची झपाट्याने वाढण्याचा. मुलींमध्ये तो साधारण १२व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये १४व्या वर्षाच्या आसपास शिगेला पोचतो, पण दोन-दोन वर्षं मागेपुढे होणं अगदी नेहमीचं आहे. या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर उंची वाढते. हाड आधी लांबतं, स्नायू मागून त्याला गाठतात, आणि हाडात खनिजं भरण्याचं काम तर त्याहून मागे राहतं. म्हणजे लांब झालेलं हाड काही महिने तुलनेने कच्चं असतं, आणि ताणलेला स्नायू त्याच्या जोडाला सतत ओढत असतो. कालपर्यंत सहज जमणारी उडी किंवा फटका याच दिवसांत बिघडतो. मूल आळशी झालं, असं समजून सराव वाढवणं ही या वयातली सर्वात महागात पडणारी चूक आहे.

हा काळ ओळखायला दर तीन महिन्यांनी उंची मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर, आणि प्रत्येक वेळी सकाळीच. दिवसभरात मणक्याच्या चकत्या दबून उंची साधारण एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरते. दर महिन्याला मोजू नका, मोजण्यातला फरकच वाढीइतका निघतो. तीन महिन्यांत २ सेंटिमीटर किंवा अधिक वाढ दिसली की उड्या, फेकी आणि पूर्ण वेगाच्या धावा यांची संख्या वाढवणं थांबवा. जमल्यास पाव हिश्शाने कमी करा. तोल, अचूकता, ताकदीचे हलके व्यायाम चालू राहू द्या.

भाराची वही

सगळ्यात जास्त गफलत होते ती बेरजेत. शाळेचा कोच शाळेचा सराव मोजतो, क्लबचा कोच क्लबचा, वैयक्तिक शिकवणारा आपला तास. एकाही कोचला पूर्ण आठवडा दिसत नाही. समजा ११ वर्षांच्या मुलीचे शाळेचे ४ तास, क्लबचे दीड-दीड तासाचे तीन सराव, दोन वैयक्तिक तास आणि शेवटी ३ तासांचा सामना. प्रत्येक आकडा एकेकटा माफक वाटतो, बेरीज मात्र साडेतेरा तास होते. बालरोगतज्ज्ञ वापरतात तो ढोबळ नियम असा: आठवड्याचे शिस्तबद्ध सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत. अकराव्या वर्षी अकरा तास, सामने धरून.

वहीत रोज एक ओळ पुरते. कोणता खेळ, किती मिनिटं, किती जड गेलं (मुलानेच ० ते १० मध्ये सांगायचं, कोचने नव्हे), रात्री किती झोप, कुठे दुखलं. मिनिटांना त्या आकड्याने गुणा. ९० मिनिटांचा सराव आणि जडपणा ६ म्हणजे ५४०; तासाचा सामना आणि जडपणा ८ म्हणजे ४८०. आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशेजारी ठेवून पाहा. आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढ नको, असं सांगतात. तो काटेकोर कायदा नाही, पण उडी डोळ्यांत भरावी एवढ्यासाठी तो उपयोगी आहे. दुखापती स्थिर भारापेक्षा उडीने जास्त होतात: सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, सात दिवसांचं शिबिर, एकाच शनिवार-रविवारात पाच सामने. तीन आठवड्यांचा खाडा पडला असेल तर निम्म्या भारावरून सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांत पूर्वपदावर या.

इथे एक फसवी गोष्ट आहे. नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड थोडं काढून टाकतं आणि मगच त्या जागी नवं, मजबूत हाड घालतं. त्यामुळे भार वाढवल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हाड मुळापेक्षा कमजोर असतं. दुसऱ्या आठवड्यात मूल ताजंतवानं दिसतं, कोच आणखी वाढवतो, आणि दुखणं नेमकं त्यानंतर येतं. म्हणून दर तीन आठवडे वाढवल्यावर चौथा आठवडा हलका ठेवावा.

काही खेळांत तासांपेक्षा हालचालींची मोजणी महत्त्वाची. पोहताना २५ मीटरच्या एका फेरीत प्रत्येक हाताचे नऊ-दहा वळसे धरले, तर २००० मीटरच्या सरावात एक खांदा ७०० ते ८०० वेळा फिरतो. वेगवान गोलंदाजांसाठी इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने बरीच वर्षं वापरलेल्या मर्यादा डोळ्यांसमोर ठेवण्याजोग्या आहेत: १३ वर्षांखालील मुलांना एका स्पेलमध्ये (एका टोकाकडून सलग टाकलेल्या षटकांत) ५ आणि दिवसात १० षटकं, १४-१५ वर्षांखालील गटांना ६ आणि १२, १६-१७ वर्षांखालील गटांना ७ आणि १८. नेटमध्ये टाकलेले चेंडूही मोजायचे. त्याच मर्यादांमध्ये १३ वर्षांखालील मुलांसाठी सरावात एका वेळी ३० चेंडू आणि आठवड्यात दोनच वेळा, असं होतं. सामन्यात षटकांची शिस्त पाळून नेटमध्ये तासभर गोलंदाजी करवून घेणारे कोच बरेच आहेत. पाठ मोडते ती तिथेच.

बाकीचं थोडक्यात. आठवड्यातून किमान एक दिवस, शक्यतो दोन, पूर्ण मोकळे ठेवा. वर्षातून एकूण दोन ते तीन महिने त्या एका खेळापासून सुट्टी द्या. ती एकेक महिन्याने तोडून घेतली तरी चालते आणि त्या दिवसांत दुसरं काहीही खेळता येतं. एका हंगामात एकच संघ. शिस्तबद्ध सरावाच्या दोन तासांमागे किमान एक तास मुलांनी स्वतः मांडलेला, मोठ्यांविना खेळ असावा. एकाच खेळाला वाहून घेणं बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत लांबवलेलं बरं. जिम्नॅस्टिक्ससारख्या मोजक्या खेळांत ते लवकर होतं, म्हणून तिथे वही अधिक काटेकोर हवी.

कुठे दुखतं त्यावरून काय समजावं

टाच. ८ ते १४ वर्षांत, धावण्या-उड्यांच्या खेळांत टाचेच्या मागच्या भागात दुखलं आणि दोन्ही बाजूंनी टाच चिमटीत दाबल्यावर मूल कळवळलं, तर बहुधा टाचेच्या वाढीच्या जागेचं दुखणं असतं; डॉक्टर त्याला सेव्हर्स म्हणतात. पातळ तळाचे किंवा स्पाइकचे बूट आणि कठीण जमीन यांनी ते वाढतं. भार कमी करणं, बुटात टाचेखाली मऊ पॅड, पोटरीचे ताण देणारे व्यायाम यांनी बहुतेक वेळा ते आवरतं.

गुडघा. वाटीखाली दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाचा उंचवटा असतो. तो दुखतो, फुगतो, गुडघ्यावर बसता येत नाही: हा ऑसगुड-श्लॅटर. वाढ पूर्ण झाली की तो थांबतो, उंचवटा मात्र कायमचा राहू शकतो. पूर्ण विश्रांती सहसा लागत नाही. उड्या आणि खोल उठाबशा कमी करून खेळता येतं.

पण गुडघादुखीची तक्रार असलेलं, साधारण १० ते १६ वर्षांचं मूल लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुबा तपासून घ्या. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्ट्यावरून सरकलं की वेदना पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते. मूल उताणं झोपलेलं असताना गुडघा वाकवून पाय छातीकडे आणला की तो आपोआप बाहेर वळतो, ही त्याची खूण. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर त्या पायावर वजन नको.

नडगी. मुलाला दुखणारी जागा दाखवायला सांगा. त्याने तळहात फिरवून लांब पट्टा दाखवला तर ते सहसा हाडावरच्या आवरणाचं आणि स्नायूंचं दुखणं असतं, भार उतरवला की उतरतं. एका बोटाने नेमकी जागा दाखवली आणि तिथेच दाबल्यावर दुखलं, तर हाडाला बारीक तडा जात असण्याची शंका घ्या आणि धावणं बंद करा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो. तो पाहून ‘काही नाही’ म्हणत मुलाला परत मैदानावर पाठवू नका. गरज पडल्यास एमआरआय लागतो. जांघेत खोलवर दुखणं आणि पाय टेकताना ते वाढणं याला तर मुळीच थांबू नये. खुब्याजवळच्या हाडाचा तडा पूर्ण मोडला तर नुकसान मोठं होतं.

कंबर. मोठ्यांची कंबर दुखते तसं मुलांचं नसतं. वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट, बटरफ्लाय पोहणारे, टेनिसची सर्व्हिस करणारे यांना मागे वाकताना, विशेषतः एका बाजूला, दुखत असेल तर कमरेच्या खालच्या मणक्याच्या मागच्या कमानीत तडा जात असू शकतो. गोलंदाजाला तो बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला होतो. एका पायावर उभं राहून मागे वाकायला लावल्यावर दुखलं तर शंका वाढते. दुखलं नाही म्हणून शंका मिटत नाही. खेळणाऱ्या मुलाची कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखली की तपासणी हवीच. लवकर सापडलेला तडा तीन-चार महिने तो खेळ थांबवल्यावर भरून येण्याची शक्यता चांगली असते. उशिरा सापडला तर हाड पुन्हा जुळेलच असं नाही.

खांदा, कोपर, मनगट. फेकणाऱ्या मुलांच्या खांद्याच्या वरच्या टोकाशी वाढीचा पट्टा रुंदावतो. फेकताना वेदना, फेकण्याचा वेग कमी होणं आणि नेम चुकणं ही त्याची लक्षणं असतात. उपाय म्हणजे साधारण तीन महिने फेक बंद. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर किमान चार ते सहा आठवडे. जिम्नॅस्टच्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला, हातावर वजन घेताना दुखतं. ते बरं न होता रेटलं तर हाडाची वाढ त्या जागी खुंटू शकते.

दुखलं तर त्या दिवशी काय करायचं

मुलाला ० ते १० मध्ये आकडा विचारा आणि हालचाल पाहा. आकडा २ पर्यंत, हालचाल नेहमीसारखी, दुसऱ्या सकाळी काही नाही: खेळू द्या, वहीत नोंदवा. ३ ते ५: जी हालचाल दुखवते ती पूर्ण काढा, बाकीचा सराव निम्मा करा. त्याहून जास्त, किंवा आकडा कितीही कमी असला तरी मूल लंगडत असेल, फेकण्याची ढब बदलली असेल, एक पाय जपत असेल: तो दिवस तिथेच संपला. नवा, कष्टाचा व्यायाम केल्यावर दोन्ही पाय सारखे भरून येतात आणि दोन-तीन दिवसांत उतरतात. ते सामान्य आहे. एका बाजूचं, एका जागेचं, दर वेळी परत येणारं दुखणं सामान्य नाही.

पातळ कापडातून १०-१५ मिनिटं बर्फ लावल्याने आराम पडतो, जखम भरत नाही. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला सामन्यात उतरवू नका. त्या गोळीने दुखापत तशीच राहते आणि थांबण्याची सूचना तेवढी बंद होते. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नये.

पुढच्यापैकी काहीही असेल तर वाट न पाहता डॉक्टर:
- रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा वजन घटणं
- सांधा सुजणं, अडकणं किंवा पाय एकाएकी दगा देणं
- लंगडणं किंवा वजन टाकता न येणं
- हातापायांत मुंग्या, बधिरपणा, कमजोरी
- भार उतरवूनही दोन आठवड्यांत फरक नसणं
- हाडाला दुसऱ्यांदा तडा जाणं

शेवटच्या मुद्द्यामागे बऱ्याचदा कमी खाणं असतं. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही तर शरीर हाडांच्या वाट्याची कपात करतं. मुलींची पाळी तीन महिने चुकली किंवा १५व्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर ‘सराव जास्त आहे म्हणून’ असं म्हणून सोडू नका; डॉक्टरांना दाखवा. मुलांमध्येही हे होतं, फक्त इतकी स्पष्ट खूण नसते. वजन कमी करण्याचा सल्ला कोणत्याही कोचने मुलाला परस्पर देऊ नये. झोप ६ ते १२ वर्षांत ९ ते १२ तास, १३ ते १८ मध्ये ८ ते १० तास हवी. पहाटेच्या सरावासाठी झोप कापली जात असेल तर आधी सरावाची वेळ बदलायचा प्रयत्न करा.

परत येताना

‘आता बरं वाटतंय’ एवढ्यावर परतू नये. रोजच्या हालचालीत आठवडाभर वेदना नाही, दाबल्यावर दुखत नाही, दुखऱ्या पायावर सलग दहा उड्या दुसऱ्या पायासारख्याच जमतात, हे जुळल्यावर निम्म्या भाराने सुरुवात करायची. मग ७० टक्के, मग ८५, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर आठवडाभर. दुखलं तर एक पायरी मागे, अगदी सुरुवातीला नव्हे. हाडाचा तडा किंवा वाढीच्या पट्ट्याची दुखापत असेल तर पायऱ्या डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने ठरवाव्यात. या काळात मुलाला सरावाला नेत राहा: गुण मोजणं, पंचगिरी, दुसऱ्या हाताने कौशल्याचा सराव. संघापासून तुटलेलं मूल पुढच्या वेळी दुखणं लपवतं.

सरावाआधीचा १५-२० मिनिटांचा वॉर्मअप हा टाळाटाळीचा विषय नाही. हळू धावणं, एका पायावर तोल, उठाबशा, उडी मारून गुडघे वाकवत अलगद उतरणं, दिशा बदलत धावणं. आठवड्यातून किमान दोनदा नीट केला तर दुखापती कमी होतात, हे फुटबॉलमध्ये चांगलं तपासून झालं आहे.

दबाव

मूल दुखणं लपवतं तेव्हा त्याच्याकडे कारण असतं. संघातली जागा जाईल, कोच नाराज होईल, घरात झालेला खर्च वाया जाईल, आई-बाबांचा चेहरा उतरेल. यातलं एकही कारण वेडगळ नाही. मूल हे सगळं बघूनच शिकलेलं असतं. म्हणून उपाय मोठ्यांच्या वागण्यात आहे.

‘दुखतंय का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. त्याऐवजी विचारा: ‘आज कोणती हालचाल जड गेली?’ ‘सकाळी उठलीस तेव्हा टाच किती, शून्य ते दहा?’ आणि मुलाने आकडा सांगितल्यावर पहिल्या वाक्यात सामन्याचं नाव काढू नका. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच पुरे; पुढचं नंतर ठरवा. कोचने हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्या संघापुढे सांगावं की दुखणं सांगितल्यामुळे कोणाचीही जागा जाणार नाही, आणि पहिलं मूल सांगेल तेव्हा तो शब्द पाळून दाखवावा. एकदा मोडला की पुढचे सगळे गप्प बसतात.

सामना संपल्यावर घरी जाईपर्यंत खेळाचं विश्लेषण नको. मूल स्वतः बोललं तर ऐका. तुम्हाला काही सांगायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, आणि ‘सांगू का?’ असं विचारून. मैदानाच्या कडेला उभं राहून सूचना ओरडू नका. मुलाला एकाच वेळी दोन कोच ऐकू येतात आणि तो चुकतो. कौतुक अशा गोष्टीचं करा जी मुलाच्या हातात होती: चेंडू सुटल्यावर परत धावला, थकलेल्या सोबत्याला धीर दिला. जिंकलं तर फिरायला जाऊ, हरलं तर गप्प बसू, असं घर चालत असेल तर मुलाला माया निकालावर मिळते असंच वाटणार.

लक्ष ठेवायच्या खुणा: सामन्याच्याच दिवशी पोटदुखी किंवा डोकेदुखी, झोप उडणं, लहान चुकीवर स्वतःला दूषणं देणं, अभ्यासातून आणि मित्रांतून मन उडणं, सराव रद्द झाला की दिसणारी उघड सुटका. सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी काही दिवस नेहमीपेक्षा ५ ते १० ठोक्यांनी जास्त राहिली तर तीही थकव्याची खूण असू शकते. अशा वेळी दोन आठवडे खेळ पूर्ण बंद करून पाहा, शिक्षा म्हणून नव्हे, सुट्टी म्हणून, आणि आधीच स्पष्ट सांगा की परत यायचं की नाही हे नंतर त्याने ठरवायचं आहे. फक्त थकलेलं मूल बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यात स्वतःच साहित्य बाहेर काढतं. उदासी टिकली, किंवा मूल स्वतःला इजा करण्याचं बोललं, तर खेळाचा प्रश्न बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

कोचला वही दाखवताना तक्रारीच्या सुरात बोलू नका. तीन आकडे ठेवा: आठवड्याची बेरीज, मागच्या चार आठवड्यांची सरासरी, दुखण्याचा आकडा. चांगला कोच त्यावरून आराखडा बदलतो. तो वहीकडे न बघताच ‘सगळेच सहन करतात’ म्हणाला, किंवा मुलाला इतरांसमोर नाजूक ठरवलं, तर दुसऱ्यांदा समजावत बसू नका, कोच बदला. आणि मुलाने खेळच सोडायचं ठरवलं तर हंगाम संपेपर्यंत थांबण्याची अट फक्त शरीर आणि मन ठीक असेल तेव्हाच घाला.